शालेय नाटकाचे आठ आठवडे: पडद्यामागच्या कामाच्या नोंदी

१२ ते १५ वयाची ३२ मुले. पाच प्रवेशांचे, सुमारे पाऊण तासाचे नाटक, संहिता मुलांनीच लिहिलेली. त्यात ३ मिनिटे २० सेकंदांचे पुराचे नृत्य. रंगमंच ९ मीटर रुंद, ६ मीटर खोल. आठवड्याला तीन तालमी, प्रत्येकी दीड तास. एक अट पहिल्या दिवसापासून: प्रयोग सुरू असताना पडद्यामागे कोणतेही मोठे माणूस सूचना देणार नाही. दोन मोठी माणसे विंगेत असतील, पण फक्त कुणाला इजा होऊ नये म्हणून. खालच्या बहुतेक अडचणी या अटीपायी आल्या. तरीही पुन्हा करायचे झाले तर आधी तीच अट घालू.

तारखांऐवजी प्रयोगाला किती दिवस उरले ते लिहिले आहे.

५६ दिवस: कामवाटप

पहिल्या तासालाच चूक झाली. ‘कोणाला काय करायचंय?’ असे उघड विचारले. अभिनयाला २१ हात वर आले, नृत्याला ९, पडद्यामागच्या कामाला २. या आकड्यांवर वाटप केले असते तर अभिनयाच्या निवडीत जी मुले उरली असती ती ‘बॅकस्टेजला’ गेली असती, आणि ते काम म्हणजे नापास झाल्याची शिक्षा ठरले असते. एकदा असे झाले की पुढचे आठ आठवडे त्या गटाकडून मन लावून काम होत नाही.

वाटप थांबवले. पाच टेबले मांडली, प्रत्येकावर १२ मिनिटे. पहिल्यावर टेप आणि गुण्या घेऊन लाकडाच्या पट्टीवर काटकोनात खूण करायची. दुसऱ्यावर दोघांनी चालायचे आणि तिसऱ्याने त्यांच्या हालचाली अशा लिहायच्या की चौथ्याला त्या वाचून तशाच करता येतील. तिसऱ्यावर दोन टॉर्च आणि रंगीत जिलेटिन, एकाच चेहऱ्यावर उजेड खालून, बाजूने, वरून. चौथ्यावर तांदूळ, पत्रा आणि कागद यांतून पावसाचा आवाज. पाचव्यावर ३० सेकंदांत दुसऱ्याला अंगरखा घालून देणे. मग प्रत्येकाने तीन पसंत्या चिठ्ठीवर लिहिल्या. पडद्यामागचे काम १३ जणांच्या पहिल्या दोन पसंत्यांत आले.

आधी पडद्यामागचे ११ जण निवडले, नट नंतर. चार नेपथ्य आणि सामानाला, दोन प्रकाशाला, दोन ध्वनीला, दोन वेशभूषा-रंगभूषेला, एक रंगमंच व्यवस्थापक. नट ११, नर्तक १०. व्यवस्थापकाला जोडीदार दिला नाही. त्याचा फटका पुढे बसला.

५३ दिवस: पहिले वाचन, व्यवस्थापकाची वही

बसून वाचन ३८ मिनिटांत झाले. हालचाली, नृत्य आणि चार प्रवेशबदल धरले तर ४५ च्या पुढे जाणार, म्हणून दोन लांब संवाद आजच कापले. कापाकापी लवकर करावी. पाठ झालेले वाक्य काढून टाकणे मुलांना फार जड जाते.

व्यवस्थापकाची वही अशी: संहितेचे पान उजवीकडे चिकटवायचे, डावे पान कोरे. कोऱ्या पानावर हालचाली आणि सूचना, ज्या शब्दावर सूचना (प्रकाश किंवा आवाज बदलण्याचा इशारा) सुटते त्या शब्दाखाली रेघ. सगळे पेन्सिलीने. पहिल्या चार पानांवर व्यवस्थापक मुलीने पेनने लिहिले होते, ती पाने आठवडाभरात खाडाखोडीने वाचेनाशी झाली आणि पुन्हा चिकटवावी लागली.

उजवे-डावे नेहमी नटाच्या बाजूने, प्रेक्षकांकडे तोंड करून. नुसते सांगून हे बसत नाही. रंगमंचाच्या दोन्ही कडांना ‘उ’ आणि ‘डा’ अशा चिठ्ठ्या लावल्या, तेव्हा गोंधळ थांबला.

४९ दिवस: जमिनीवरच्या खुणा

तालमीची खोली फक्त ७ मीटर रुंद. रंगमंचाचा ९ मीटरचा आराखडा त्यात बसेना म्हणून सगळी अंतरे त्याच प्रमाणात कमी करून चिकटपट्ट्या लावल्या. ही मोठी चूक. दोन आठवड्यांनी खऱ्या रंगमंचावर गेल्यावर प्रत्येक नट ठरलेल्या जागेच्या अलीकडे थांबू लागला आणि चालत बोलायची वाक्ये जागेवर पोचण्याआधी संपू लागली. पायांना जुनी अंतरे लागली होती. पुन्हा बसवायला दोन तालमी, म्हणजे तीन तास गेले.

बरोबर उपाय सोपा होता. अंतरे खऱ्या मापाचीच ठेवायची आणि जागा कमी पडते तिथे एका बाजूचे दोन मीटर सोडून द्यायचे. ‘पलीकडे भिंत आहे, तिथे गेलास असं धर’ एवढे मुलांना सहज समजते.

४५ दिवस: फ्लॅट, दिवस पहिला

सहा फ्लॅट, म्हणजे कापड ताणून लावलेल्या लाकडी चौकटी, नेपथ्याच्या भिंती म्हणून हवेत, प्रत्येकी १.२ बाय २.४ मीटर. ७० बाय २० मिलिमीटरच्या पट्ट्या. वरची आणि खालची आडवी पट्टी पूर्ण रुंदीची, उभ्या पट्ट्या त्यांच्या मध्ये. खालची आडवी पट्टी पूर्ण ठेवण्याचे कारण असे की फ्लॅट जमिनीवरून सरकवताना तिच्या लाकडाच्या रेषा जमिनीला समांतर टेकतात. उभी पट्टी जमिनीपर्यंत आणली तर तिचे तोंड घासून ढलप्या निघतात.

मुलांनी उभ्या पट्ट्या २.४ मीटरच्याच कापल्या. उंची २.४, म्हणून उभी पट्टी २.४. जोडल्यावर फ्लॅट २.५४ मीटरचा झाला, कारण वरच्या-खालच्या पट्ट्यांचे सात-सात सेंटिमीटर कुणी धरलेच नव्हते. दोन फ्लॅट असे झाले आणि तिसऱ्याशी उंची जुळेना. त्या क्षणी काहीही सांगितले नाही. चौघे टेप घेऊन बसले आणि २५ मिनिटांनी उभी पट्टी २.२६ हवी, मधली आडवी १.०६ हवी असा कागद आणून दाखवला. चार पट्ट्यांमागे १४-१४ सेंटिमीटर लाकूड वाया गेले. त्यापेक्षा महागात पडले स्क्रू काढून पुन्हा लावणे: दीड तास. पण त्या दिवसापासून हा गट कापण्याआधी चित्र काढून त्यावर मापे लिहू लागला, आणि शेवटपर्यंत कापण्याच्या मापाची दुसरी चूक झाली नाही.

एका फ्लॅटला दोन तिरके आधार धरून सुमारे ९.२ मीटर पट्टी लागते. सहांना ५५, वाया जाणारी धरून ६० मीटर आणावी.

४४ दिवस: फ्लॅट, दिवस दुसरा

कोपऱ्यांवर ६ मिलिमीटर प्लायचे त्रिकोण, काटकोनाच्या बाजू २० सेंटिमीटर. बाहेरच्या कडेपासून २० मिलिमीटर आत लावायचे, म्हणजे दुसरा फ्लॅट काटकोनात जोडताना त्याच्या पट्टीची जाडी तिथे बसते. पहिल्या फ्लॅटचे त्रिकोण कडेला भिडवून लावले होते. ते चारही काढून सरकवले.

स्क्रूची लांबी आधी मोजा. पट्टी २० आणि प्लाय ६, मिळून २६ मिलिमीटर. आमच्याकडे ३२ चे स्क्रू होते. टोके पुढे आली आणि कापड ताणताना दोन जागी फाटले. २० मिलिमीटरचे आणले.

चौकट काटकोनात आहे का हे गुण्याने कोपऱ्यापुरते कळते, पूर्ण चौकटीचे कर्ण मोजूनच कळते. या मापाला दोन्ही कर्ण २६८.३ सेंटिमीटर यायला हवेत. पहिल्या फ्लॅटमध्ये १४ मिलिमीटरचा फरक आला, कारण चारही कोपरे घट्ट केल्यावर कर्ण मोजले. क्रम असा हवा: प्रत्येक कोपऱ्यात एकच स्क्रू, मग कर्ण, लांब कर्णाच्या टोकांवर दाबून फरक ३ मिलिमीटरच्या आत आणायचा, मग उरलेले स्क्रू. भूमितीच्या तासाला पायथागोरस पाठ असलेल्या एका मुलाला २६८.३ कुठून आले हे इथे दिसले, आणि त्याने बाकीच्यांना खडूने जमिनीवर काढून दाखवले.

४१ दिवस: कापड

मांजरपाट, एका फ्लॅटला १.४ बाय २.६ मीटर. मागे वळवून दर १० सेंटिमीटरला पिन, सुरुवात पट्टीच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे. हाताने फार ताणायचे नाही, खळ लावल्यावर कापड आपोआप आटून ताणते.

पांढरा गोंद आणि पाणी यांची खळ एकास दहा हवी. घाईत एकास तीन झाली. वाळल्यावर कापड ढोलासारखे घट्ट झाले आणि एका उभ्या पट्टीला एक सेंटिमीटर बाक आला. त्याच फ्लॅटला पिळाही पडला, कारण तो ओला असताना भिंतीला टेकवून ठेवला होता. कापड काढून नवे लावले: २.६ मीटर कापड आणि दीड तास. ओले फ्लॅट सपाट जमिनीवरच वाळवा, जागा नसेल तर दिवसाला दोनच करा.

रंग मंद, चमक नसलेला. चकाकणाऱ्या रंगावर दिवे आरशासारखे उमटतात.

दोन-दोन फ्लॅट तीन बिजागऱ्यांनी पुस्तकासारखे जोडले. कोनात उघडले की स्वतः उभे राहतात. तरी प्रत्येक जोडीला मागून त्रिकोणी टेकू आणि त्यावर १० किलोची वाळूची पिशवी. नृत्यात दहा जण धावले की फळ्यांची जमीन हलते, तेव्हा नुसत्या बिजागरीवर भरवसा नको.

३७ दिवस: नृत्य

ठेका मिनिटाला १२० मात्रा. आठ मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत, म्हणजे २०० सेकंदांत ५० आवर्तने. एका मोठ्या कागदावर ५० चौकोन काढले आणि प्रत्येकात कोण कुठे हे लिहिले. नृत्य बसवण्याआधी हा कागद भरला असता तर पुढची टक्कर टळली असती. १७ व्या आवर्तनात चौघींना ८ मीटर अंतर चार मात्रांत, म्हणजे दोन सेकंदांत कापायचे होते. ही सरळ धाव आहे, नृत्य नाही. दोघी एकमेकींवर आदळल्या. आता ती हालचाल १६ मात्रांची केली आहे, आणि नियम ठरला: एका आवर्तनात सहा मीटरच्या वर कुणाला हलवायचे नाही.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला मध्यावर शून्य आणि दोन्ही बाजूंना दर मीटरला १, २, ३, ४ असे आकडे चिकटवले. ‘थोडी उजवीकडे’ याऐवजी ‘डावे दोन’ असे म्हणता येऊ लागले आणि रांगा एका तालमीत सरळ झाल्या.

आरशासमोरचा सराव आज बंद. उशीरच झाला. आरसा काढल्यावर निम्म्या मुली शेजारणीकडे बघू लागल्या. पहिल्या आठवड्यानंतरच आरशाकडे पाठ करून घ्यायला हवी होती.

उड्या १४ वरून ५ वर आणल्या. सरावाची जमीन सिमेंटची आहे आणि तीन जणींच्या नडग्या दुखू लागल्या होत्या. अनवाणी सरावाआधी जमीन हाताने चाचपायची. फ्लॅटच्या कामातल्या पिना दोनदा सापडल्या, म्हणून आता सुतारकाम आणि नृत्य एका खोलीत नाही.

३२ दिवस: पुराचे कापड

६ बाय १.५ मीटरचे दोन निळे पट्टे, कडा धरून चौघींनी लाट करायची. सुती कापड जड पडले, लाट उठलीच नाही. अस्तराचे हलके कापड फुगते, पण खाली यायला वेळ घेते. मोजून पाहिले: पहिल्या मात्रेला उचलले तर तिसऱ्या मात्रेला पूर्ण फुगते आणि सातव्याला जमिनीला टेकते. त्याआधी कुणी त्याखालून निघाले तर डोक्यात अडकते. म्हणून आठव्या मात्रेआधी कापडाखालून कुणीही बाहेर पडायचे नाही. कापडाच्या खोडकर वागण्याला नर्तकांनीच मात्रा लावून दिल्या, आम्ही फक्त घड्याळ धरले होते.

छताचे पंखे चालू असतील तर हे सगळे गणित कोसळते. पंखे बंद करण्याचे काम ध्वनीवाल्यांच्या यादीत टाकले.

२८ दिवस: सूचनेचे दिवे

हेडफोन नाहीत. प्रकाश, ध्वनी आणि डावी विंग अशा तीन ठिकाणी लाल आणि हिरवा असे दोन छोटे एलईडी, व्यवस्थापकाकडे सहा बटणे, १२ व्होल्टची बॅटरी, तीन तारांची केबल. लाल लागला की तयार राहायचे, हिरवा लागला की सोडायचे.

पहिले दोन एलईडी क्षणात गेले, थेट बॅटरीला जोडले होते. प्रत्येकासोबत ५६० ओहमचा रेझिस्टर हवा. एलईडीवर साधारण दोन व्होल्ट पडतात, उरलेले दहा रेझिस्टरवर, त्यामुळे प्रवाह १८ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. तिसरा लागलाच नाही, कारण पाय उलटे जोडले होते. लांब पाय धनकडे.

अंधारात हे दिवे पहिल्या रांगेतून दिसत होते. प्रत्येकावर काळ्या कागदाची पाच सेंटिमीटरची नळी बसवली.

आणखी एक दोष तालमीतच दिसला. प्रकाशवाला रंगमंचाकडे बघत होता आणि लाल दिवा त्याच्या कोपराजवळ होता, तो त्याला दिसलाच नाही. दिवा आता डिमरच्या (उजेड कमी-जास्त करायच्या यंत्राच्या) वर, नजरेच्या रेषेत. लाल किमान पाच सेकंद आधी लावायचा.

२४ दिवस: व्यवस्थापक गैरहजर

ताप आल्याने मुलगी आली नाही. वही होती, पण ती तिची तिलाच वाचता येत होती: बाण, गोल, ‘म.’, ‘खु.’, आणि एका जागी नुसते उद्गारचिन्ह. संपूर्ण तालीम वाया गेली. सगळ्या नोंदींतला हा सर्वांत महाग दीड तास, आणि दोष आमचा, कारण पहिल्या दिवशी जोडीदार दिला नव्हता.

ती आल्यावर दोन बदल केले. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या खुणांचे अर्थ. आणि वेशभूषेतला एक मुलगा आठवड्यातून एक तालीम तिच्या वहीवरून चालवतो, ती बाजूला गप्प बसते. तो जिथे अडतो तिथे वही अपुरी. पहिल्या वेळी तो ११ ठिकाणी अडला, तिसऱ्या वेळी दोन.

२० दिवस: प्रकाश

सहा एलईडी दिवे, प्रत्येकी सात चॅनेल (रंग, तीव्रता अशा वेगवेगळ्या आज्ञांचे मार्ग). पत्ते, म्हणजे प्रत्येक दिव्याच्या पहिल्या चॅनेलचे क्रमांक: १, ८, १५, २२, २९, ३६. चौथा दिवा भलतेच रंग दाखवत होता, कारण तो सहा चॅनेलच्या पद्धतीवर ठेवलेला होता. हे शोधण्यात ५० मिनिटे गेली. दिवा वर टांगण्याआधी जमिनीवर एकेक लावून तपासावा, शिडीवर चढून बटणे दाबण्याची वेळ येत नाही.

दिवे अधूनमधून फडफडत होते. कारण दोन: मधल्या दोन केबल माइकच्या होत्या, जोड तोच पण केबल वेगळी, आणि शेवटच्या दिव्याला टर्मिनेटर, म्हणजे केबलच्या टोकाला सिग्नल उलटा परतू न देणारा जोड, नव्हता. योग्य केबल लावली, शेवटच्या जोडात दोन आणि तीन क्रमांकाच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर टाकला, फडफड थांबली.

शिडीवर मोठी माणसेच चढली. मुलांनी शिडी धरली आणि खालून पत्ते वाचून दाखवले. प्रत्येक दिव्याला हुकाशिवाय वेगळी साखळी.

मग सर्वांत वाईट शोध. पुराच्या निळ्या उजेडात नर्तकांचे मरून पोशाख काळे पडले आणि तपकिरी फ्लॅट दिसेनासे झाले. निळ्या उजेडात लाल मुळात नसतोच, तर मरून परतवणार काय? कापड शिवून तयार होते. पोशाख बदलणे निधीत बसत नव्हते, म्हणून समोरून २० टक्के पिवळसर उजेड मिसळला आणि निळ्या ओढण्या वर घेतल्या. पुराचा निळा जितका हवा होता तितका गडद राहिला नाही, ही हळहळ आहे. कापड घेण्याआधी त्याचा एक तुकडा ठरलेल्या रंगाच्या दिव्याखाली धरून बघा. पाच मिनिटांचे काम आहे.

१६ दिवस: ध्वनी

फोन ब्लूटूथने जोडला होता. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत ऐकू येण्याइतका उशीर होत होता, दाराचा आवाज दार उघडल्यावर येई. केबल लावली. फोन विमान मोडवर.

नर्तक ठेक्यामागे पडत होते, त्याचे कारण शोधायला दोन तालमी लागल्या. दोन्ही स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून आहेत. सभागृह १८ मीटर लांब. मुलींना मागच्या भिंतीवरून परतलेला आवाजच जास्त ऐकू येत होता: जाऊन येऊन ३६ मीटर, म्हणजे एक दशांश सेकंद उशीर. १२० च्या ठेक्यात हा मात्रेचा पाचवा हिस्सा आहे. दोन्ही विंगांत एकेक छोटा स्पीकर रंगमंचाकडे तोंड करून ठेवला आणि त्याच दिवशी पाय जुळले. तोवर ‘लक्ष द्या, मागे पडताय’ असे त्यांना दहा वेळा सुनावून झाले होते. त्यांची चूक नव्हती, तसे सांगून त्यांची माफी मागितली.

१३ दिवस: प्रवेशबदल

जंगलातून नदीकाठी जायला पहिल्यांदा १ मिनिट ५० सेकंद लागले. जे हाताला लागेल ते ज्याने-त्याने उचलले, दोघे एकाच ओंडक्याला धरून विरुद्ध दिशांना ओढत होते, आणि नदीची पायरी कुणीच आणली नाही.

चौघांनी कार्डे केली: कोण, काय, कुठून, कुठे, कितवे. नियम एकच, रिकाम्या हाताने परत यायचे नाही. जाताना काही ठेवायचे, येताना काही न्यायचे. सराव पाच वेळा पूर्ण उजेडात, पाच वेळा मंद निळ्या उजेडात, मग अंधारात. आधीच अंधारात करून घेतले होते, तेव्हा एकाच्या पायावर पायरी पडली होती. इजा झाली नाही, पण तो क्रम चुकीचाच होता.

नटांना सामान हलवायला लावू नका. ते झगझगीत उजेडातून थेट काळोखात येतात आणि त्यांना काही दिसत नाही. विंगेत दहा मिनिटे मंद निळ्या दिव्यात बसलेल्या मुलाला त्याच अंधारात खुणा दिसतात. जमिनीवरच्या खुणा अंधारात चमकणाऱ्या पट्टीच्या, बोटभर लांबीच्या. मोठ्या केल्या की प्रेक्षकांनाही दिसतात.

आज ४१ सेकंद.

१० दिवस: सूचना ते सूचना

संवाद गाळून फक्त सूचना. ३७ प्रकाशाच्या, १४ ध्वनीच्या. प्रकाशाला आकडे, ध्वनीला अक्षरे, क पासून पुढे. आधी दोघांनाही आकडे होते आणि ‘नऊ’ म्हटल्यावर दोघेही हलत.

हिरव्या दिव्याबरोबर तालमीत तोंडी हाकही देतात. मुलांनी शब्द निवडले: ‘तयार’ आणि ‘सोड’. मुलगी सुरुवातीला ‘सोड, प्रकाश बारा’ असे म्हणे. ‘सोड’ कानावर पडताच सगळे आपापले बटण दाबत. ‘सोड’ नेहमी शेवटी: ‘प्रकाश बारा... सोड’. आणि विंगेत हा शब्द दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही. ‘दोरी सोड’ असे कुणीतरी म्हटले आणि वीज कडाडली, त्यानंतर तो नियम सर्वांना पटला.

२२ आणि २३ च्या मध्ये एक सूचना वाढली. पुढचे आकडे बदलले नाहीत, तिला साडेबावीस म्हटले.

तीन तास ठेवले होते, पावणेपाच लागले. नटांना इतका वेळ नुसते उभे ठेवणे ही आमची चूक. पुढच्या वेळी व्यवस्थापक, प्रकाश आणि ध्वनी यांनी आदल्या दिवशी टेबलावर वही घेऊन सगळ्या सूचना तोंडी चालवून घ्याव्यात, त्यात निम्मे घोळ निघतील.

६ दिवस: पहिली रंगीत तालीम

तिसऱ्या प्रवेशानंतर एका नटाला ४० सेकंदांत पोशाख बदलायचा आहे. लागले ९५. बटणे होती. आठपैकी सहा बटणे वरवर शिवून ठेवली आणि आत वेल्क्रोचे जोड लावले. पोशाख खुर्चीवर घालायच्या उलट क्रमाने रचला, पायजमा जमिनीवर दोन पाय घालण्याजोगा गोळा करून. एक मुलगा फक्त टॉर्च धरतो. चौथ्या प्रयत्नात ३६.

लांब घेर पायरीवर अडकत होते, चार सेंटिमीटर वर घेतले. तालमीत पहिल्या दिवसापासून त्याच लांबीचा जुना घेर नेसायला द्यायला हवा होता.

रंगाची चाचणी आधीच्या दिवशी प्रत्येकाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला केली होती. एकीला खाज आली, तिला फक्त काजळ. स्पंज प्रत्येकाचा वेगळा, नाव लिहिलेल्या पाकिटात.

३ दिवस: दुसरी रंगीत तालीम

ठरले होते की काहीही झाले तरी थांबवायचे नाही. दुसऱ्या प्रवेशात घरातला कंदील टेबलावर नव्हता. नटी क्षणभर थांबली, विंगेकडे पाहिले नाही, ‘अंधारच बरा आहे’ म्हणून पुढे गेली. संपल्यावर नेपथ्यवाल्यांनी स्वतःहून सामानाच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा खडूने काढली आणि आत नाव लिहिले. रेषा रिकामी दिसली की वस्तू कुठेतरी राहिली. ही युक्ती आम्हाला माहीत होती आणि सांगायची राहिली होती. त्यांनी ती स्वतः शोधली याचा आनंद फार मोठा आहे.

प्रवेशबदल २८ सेकंद.

प्रयोग

व्यवस्थापकाच्या अहवालातून जसेच्या तसे: ‘तीन मिनिटं उशिरा सुरू. एकूण ४७ मिनिटं ४० सेकंद. ध्वनी च एक वाक्य आधी सुटला, कारण मी हिरवा लवकर दाबला. प्रकाश २९ चुकला, प्रकाशवाल्याने ३० मध्ये भरून काढला. दुसऱ्या जोडीची वरची बिजागरी सुटत होती, नेपथ्यवाल्याने पूर्ण चौथा प्रवेश मागून फ्लॅट धरून ठेवला. पंखे बंद केले होते. कंदील होता.’

विंगेतल्या दोन मोठ्या माणसांना एकदाही बोलावे लागले नाही. बिजागरी सुटताना मात्र एक पाऊल पुढे गेले होते.

दुसरा दिवस: उतरवणे

प्रयोग संपताच उतरवणार होतो, पण मुले दमली होती आणि दमलेल्या हातात ड्रिल देऊ नये. दुसऱ्या दिवशी दोन तास दहा मिनिटे. बिजागरी सुटण्याचे कारण तेव्हा कळले: तिथला स्क्रू आदल्या फाटलेल्या कापडाच्या दुरुस्तीत काढून त्याच मोठ्या झालेल्या छिद्रात पुन्हा बसवला होता. छिद्रात गोंद लावलेली काडी ठोकून मग स्क्रू घालायला हवा होता.

प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन ओळी लिहिल्या: काय बिघडले, का, पुढच्या वेळी काय. ‘मजा आली का’ असे विचारले नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. प्रकाशवाल्याची चिठ्ठी: ‘२९ चुकला. मी नृत्य बघत होतो. पुढच्या वेळी नृत्य तालमीत पोटभर बघून घेणार.’

ठरलेले ३६ तास, लागलेले ५१. जास्तीच्या १५ पैकी फ्लॅटला चार, प्रकाशाला तीन, लहान खुणांमुळे तीन, प्रवेशबदलांना दोन, बाकी सूचनांच्या तालमीला आणि व्यवस्थापकाच्या गैरहजेरीला. निधीचा जवळपास निम्मा भाग लाकूड आणि कापडावर गेला. पाच फ्लॅट ठेवले आहेत, मागे खडूने माप आणि बिजागरीची बाजू लिहून. सहावा, बाक आलेला, मोडला. त्याच्या पट्ट्यांतून पुढच्या वेळचे टेकू होतील. स्क्रू २० आणि ३२ असे दोन वेगळ्या डब्यांत.

वही आता वेशभूषेतल्या त्या मुलाकडे आहे. पुढचे नाटक तो चालवणार, आणि जोडीदार त्याने आधीच मागून घेतला आहे.